नववी सवय

"श्वास सोड."

"सोडलाय की, आक्का."

"मग हे पुढं काय आहे? उशी बांधून आलीयस?"

दुकानात तिघीचौघी बायका बसल्या होत्या, त्या फिदीफिदी हसल्या. शालनही हसली. हात वर धरून, पदर खांद्यावर टाकून ती माझ्यासमोर उभी होती आणि टेपची दोन्ही टोकं माझ्या चिमटीत होती. पोट साडेसदतीस. मी कानामागचं पेन काढलं आणि वहीत लिहिलं.

शालन माझी धाकटी जाऊ. तासगावात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं शिलाईचं दुकान. मागं आम्ही, वर विलासभावजी, शालन आणि त्यांची सोनल. मी तेव्हा अठ्ठेचाळीसची होते, शालन बेचाळीसची. लग्न होऊन आल्यापासून तिनं माझ्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, आणि मला त्याची सवय झाली होती. घरात भाजी कुठली करायची इथपासून सोनलनं कुठल्या कॉलेजात जायचं इथपर्यंत सगळं मी ठरवायचे. भावजी तर म्हणायचेच, "वहिनी म्हणतील तसं."

त्या वर्षी वैशाखात सोनलचं लग्न ठरलं होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला होणाऱ्या सासरची माणसं आली, त्यात सासूची थोरली बहीण होती. सगळे तिला मावशी म्हणायचे. आडदांड बाई, आणि जिभेला हाड नाही. शालन वाण द्यायला वाकली तशी ही बया सगळ्यांदेखत म्हणते, "काय हो विहीणबाई, कितवा? लेकीच्या आधी तुमचाच पाळणा हलवायचा का?"

खोलीभर हशा पिकला. शालनचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिनं पदर पुढं ओढला आणि हसल्यासारखं केलं. माझ्या हातातला तिळगुळाचा डबा मी इतक्या जोरात आपटला की झाकण उडालं. मला मूल झालं नाही. 'कितवा' हा प्रश्न मला या जन्मात कुणी विचारला नाही, आणि तो शालनला, तोही चेष्टेत, विचारलेला ऐकून मला जे वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. शालनचं ते पोट मला डोळ्यांसमोर नको झालं, हे खरं.

बायका गेल्यावर ती माझ्याकडं आली. "आक्का, तुम्ही तुमची कंबर उतरवलीत ना. माझंही लग्नापर्यंत एवढं पोट उतरवून द्या. माझ्या लेकीच्या मांडवात माझ्या पोटाकडं बघून कुणी हसायला नको. बाकी मला काही नको."

"देते," मी म्हटलं. "पण मी सांगीन तसं वागायचं. मधेच कुरकुर चालणार नाही."

माझी कंबर उतरली होती ते एका कात्रणानं. रविवारच्या पुरवणीत आलं होतं, पोट सुटायला कारण असलेल्या नऊ सवयी म्हणून. ते मी मशीनच्या वर भिंतीला चिकटवलं होतं आणि स्वतःवर सक्ती करून चौतीसची कंबर एकतीस केली होती. मग काय, माझ्या अंगात आलं. ब्लाउज शिवायला येणाऱ्या प्रत्येक बाईला मी कात्रण वाचून दाखवायचे. रात्री उशिरा जेवू नका. जेवल्या जेवल्या आडव्या होऊ नका. दिवसातून पाच वेळा साखरेचा चहा ढोसू नका. उपवासाच्या नावाखाली साबुदाणा चापू नका. पोराबाळांचं ताटात उरलेलं 'वाया जातंय' म्हणून पोटात ढकलू नका. घाईघाईनं गिळू नका, रात्री जागू नका, एका जागी बसून राहू नका. आणि नववी होती, येता-जाता तोंडात काही टाकू नका. ती मी माझ्या भाषेत सांगायचे, चोरून खाऊ नका. बायका हसायच्या, कारण सगळ्याच खात असतात.

तर शालनचं पान मी वहीत उघडलं. गिऱ्हाइकाला असतं तसंच पान, वर नाव, खाली आडव्या रांगा. तारीख, छाती, कंबर, बाही, दंडघेर, आणि शेवटी तिच्यासाठी खास एक रकाना आखला, पोट. दर सोमवारी माप. मी माप घेते ते सगळं घेते, अर्धवट घेतलेलं मला खपत नाही. पहिल्या सोमवारी दंडघेर साडेअकरा होता, पोट साडेसदतीस.

बिचारी करायची सगळं. सकाळी सहाला उठून स्टँडपर्यंत चालून यायची. चहातली साखर बंद केली, भात बंद केला. संध्याकाळी सातला एक भाकरी आणि पालेभाजी. सोनलच्या ताटात उरलेली पोळी ती डोळे मिटून गाईच्या बादलीत टाकायची.

तिसऱ्या सोमवारी पोट अडतीस भरलं.

"हे कसं?" मी विचारलं.

"काय की. मी तर काहीच खात नाही, आक्का. दोन घास खाल्ले की पोट गच्च होतंय. पुढं जातच नाही."

"मग चांगलं आहे की! भूक मेली म्हणजे पोट उतरायला लागलं. धीर धर."

त्याच्या पुढच्या आठवड्यात म्हणाली, सारखं लघवीला जावं लागतं. मी म्हटलं, पाणी पितेस तर जावं लागणारच, चरबी त्यातूनच जाते. मला कुणी सांगितलं होतं चरबी त्यातून जाते म्हणून? कुणी नाही. पण मी बोलायला लागले की समोरचं माणूस मान हलवतं, त्यामुळं मी बोलत राहायचे.

शिवरात्र झाल्यावर एकोणचाळीस. मी मग तिच्यासाठी पट्टा शिवला. दुहेरी जाडं कापड, आत कडक कॅनव्हास, मागं हुकांच्या तीन ओळी. माझ्या हातचं काम, आजही कुणाला दाखवावं असं. पहिल्या दिवशी मीच बांधला. गुडघा तिच्या पाठीला लावून ओढला.

"आक्का, श्वास घेता येईना."

"येतो. सवय होईल. मांडवात उभं राहायचंय ना?"

"राहायचंय."

"मग काम करताना पट्टा सोडायचा नाही."

तिनं सोडला नाही. भांडी घासताना, धुणं पिळताना, जिना चढताना तो बांधलेलाच. एकदा जिन्यात मधेच बसलेली दिसली, हातात कपड्यांची बादली. मी खालूनच ओरडले, "एका जागी बसून राहायचं नाही! कितवी सवय?" तिनं वरूनच सांगितलं, "आठवी." आणि उठून गेली.

मार्चच्या शेवटी एकदा, दुकानात कुणी नसताना, ती मशीनपाशी येऊन उभी राहिली. "आक्का, एकदा डॉक्टरला दाखवून येऊ का? पाठ फार दुखतीय. आणि हे काही नेहमीचं वाटत नाही."

मी मशीनवरून मान वर केली नाही. "डॉक्टर काय सांगणार? खाणं कमी करा, चाला. तेच मी तीन महिने सांगतीय. तू माझ्याशी खरं बोल, म्हणजे डॉक्टर लागणार नाही."

"खरं म्हणजे?"

"कुठंतरी काहीतरी जातंय तुझ्या तोंडात. नाहीतर पोट वाढेल कसं? माझं उतरलं, खाडेबाईंचं उतरलं, तुझंच का उतरत नाही?"

ती वर गेली. विलासभावजींनी संध्याकाळी मला विचारलं, "वहिनी, ही म्हणतीय दाखवावं का एकदा." मी म्हटलं, "लग्न होऊ दे, मग दाखवू. उगाच सुया टोचून घेऊन अंथरुणाला खिळली तर मांडव कोण बघणार?" ते म्हणाले, वहिनी म्हणतील तसं.

एप्रिलच्या मध्यावर आम्ही रुखवताचं करायला घेतलं. रुखवताच्या करंज्या मी स्वतः करते, त्यात कुणाचा हात चालत नाही. सुक्या खोबऱ्याच्या, कातून एकसारख्या काढलेल्या एकावन्न करंज्या. पितळी डब्यात भरून तो डबा वरच्या खोलीत, शालनच्या कपाटावर ठेवला. चार दिवसांनी झाकण उघडून मोजल्या तर सेहेचाळीस.

पाच करंज्या. माझं डोकं सणकलं. तीन महिन्यांची माझी मेहनत, दुकानात दर सोमवारी बायकांचं विचारणं, "काय हो, जावेचं उतरलं का?" आणि मी सांगायचं, नाही अजून. आता मला कारण सापडलं होतं. खरं सांगते, मला राग आला त्याहून जास्त बरं वाटलं.

तो सोमवार होता. दुकानात सहा-सात बायका. लग्नसराई, मला मान वर करायला फुरसत नव्हती, तरी मी टेप घेऊन उभी राहिले आणि शालनला हाक मारली. ती खाली आली. मी माप घेतलं. पोट सव्वाएक्केचाळीस.

"रुखवतातल्या करंज्या कशा झाल्यात गं?"

तिला कळलं नाही. "मी कुठं चाखल्या, आक्का?"

"पाच कमी आहेत. डबा तुझ्या कपाटावर. लेकीच्या रुखवतातलं चोरून खातीस, आणि इथं येऊन हात वर करून उभी राहतीस. ह्या सगळ्यांदेखत सांग, नववी सवय कोणती?"

कुणी हसलं नाही. त्यातल्या खाडेबाई मला म्हणाल्या, "अहो जाऊ द्या ना पोरेताई."

"नाही, सांगू दे तिला."

शालनचे हात अजून वरच होते. तिनं ते हळूच खाली घेतले. "मी खाल्ल्या नाहीत, आक्का," एवढंच म्हणाली. मग कात्रणाकडं बघून, शाळेतल्या मुलीसारखं, "चोरून खाऊ नये," असं म्हणाली आणि गेली. मी माप वहीत लिहून टाकलं.

त्याच आठवड्यात लग्नाच्या ब्लाउजची ट्रायल होती. मोरपंखी रेशमी, पैठणीचा. कापड जपून बेतायचं म्हणून मी तो जानेवारीतच, पहिल्या मापावर कापून ठेवला होता. खाली शिवणीत माया, जादा कापड, भरपूर ठेवली होती. तो तिला घातला आणि मी चक्रावले. दंडाला ढगळ. बाहीत माझी तीन बोटं जात होती. खांदे उतरत होते.

"नीट उभी राहा, खांदे पाडू नकोस!"

"नीटच उभी आहे, आक्का."

सोनल दारातून बघत होती. ती आत आली आणि तिनं आईचा दंड हातात धरला. तिची बोटं आणि अंगठा जवळजवळ जुळले. "आक्का, आईचे हात बघा," ती म्हणाली. मग ब्लाउज काढला, पट्टा काढला, आणि सोनल किंचाळली. पोटावर हुकांचे काळेनिळे वळ होते, आणि पोट असं तकतकीत ताणलेलं की नाभी बाहेर आली होती.

त्या पोरीनं कुणाला विचारलं नाही. शेजारच्यांची जीप बोलावली आणि आईला मिरजेला घेऊन निघाली. मीही बसले. जाताना मी मापाची वही पिशवीत घेतली. का, ते सांगते. डॉक्टरांपुढं ठेवायला. दर सोमवारचं लिहिलेलं आहे, खाणं सोडलेलं नाही, आता तुम्हीच हिला सांगा, म्हणून. मी ती तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणून नेली होती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, तिशीच्या. त्यांनी शालनला आडवं करून पोटावर बोटांनी टकटक केलं, सोनोग्राफीला पाठवलं, मग सोनलला आणि मला आत बोलावलं.

"पोट कधीपासून वाढतंय?"

"सगळं लिहिलेलं आहे," म्हणून मी वही पुढं सरकवली.

त्यांनी पान बघितलं. मी तीन महिने ते पान वरून खाली वाचत आले होते, एकच रकाना, पोटाचा. त्यांनी डावीकडून उजवीकडं बोट फिरवलं. एक रांग, दुसरी रांग. बोट दंडघेरावर थांबलं.

"साडेअकरा. मग अकरा, साडेदहा, दहा, सव्वानऊ," त्या वाचत होत्या. "छाती दोन इंच उतरलीय. दंड सव्वादोन इंच उतरलेत. आणि पोट जवळजवळ चार इंच वाढलंय." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "चरबी असती तर दंड असे उतरले असते का हो? पेशंटचं अंग आटत चाललं होतं. पोटात पाणी आहे. अंडाशयात गाठ आहे, ती पसरलीय."

त्या पुन्हा वहीकडं वळल्या.

"ही मापं कुणी घेतली?"

"मी. शिवणकाम करते मी."

"इतकं नीट तर आम्हीसुद्धा लिहून ठेवत नाही," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता. त्यांना खरंच कौतुक वाटलं होतं. मग म्हणाल्या, "फेब्रुवारीत आणलं असतं तर..." आणि सोनलकडं बघून थांबल्या.

तीस वर्षं मी बायकांची अंगं मापत आले होते. कुणाला दिवस गेलेत हे तिच्या घरच्यांच्या आधी मला टेपवर कळायचं. आणि दर सोमवारी माझ्याच हातानं तो दंडघेर लिहिताना मला एकदाही काही वाटलं नाही.

बाहेर बाकावर आमचे हे आणि भावजी मागाहून येऊन बसले होते. भावजी आत गेले, सोनल औषधं आणायला गेली. हे टोपी हातात फिरवत म्हणाले, "रत्ना, त्या करंज्या मी खाल्ल्या होत्या."

"काय?"

"वर पंख्याचं बघायला गेलो होतो. डबा दिसला. दोन दिवस चहाबरोबर खाल्ल्या. तू दुकानात एवढा दंगा केलास, मग माझं तोंडच उघडेना."

मला ओरडायचं होतं. पण भावजी दारातून येताना दिसले, आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं. "आता कुणाला सांगू नका," मी म्हटलं. "आधीच काय कमी झालंय का?"

त्यांनी मान हलवली. तिथं ते मिटलं.

शालनला सगळं सांगितलं गेलं नाही, पण ती काही खुळी नव्हती. पोटातलं पाणी काढलं, साडेचार लिटर निघालं. लग्न पुढं ढकलायचं का असं भावजींनी विचारलं तेव्हा तिनं साफ नाही म्हटलं. बाकीचे उपचार लग्न झाल्यावर करू, म्हणाली. घरी आल्यावर तिला मी खुर्चीवर बसवून माप घेतलं, ब्लाउज उसवून दंडात आत घेतला. पोट चौतीस भरलं. तिनं मान वाकवून टेपवरचा आकडा बघितला.

"उतरलं की, आक्का."

"हो."

"करंज्या मी खाल्ल्या नव्हत्या."

तेव्हा सांगायचं होतं. दुकान रिकामं होतं, हे बाहेर गेले होते, ती माझ्यासमोर बसली होती. "बरं, हात वर कर," मी म्हटलं.

लग्न ठरल्या दिवशी झालं. मोरपंखी ब्लाउज, पैठणी, नथ. मंगलाष्टकांना ती उभी राहिली, कुणाचा हात न धरता, आणि सुपारीएवढंसुद्धा पोट दिसत नव्हतं. सोनल वर न बघता रडत होती. पाहुण्यांना आम्ही काही सांगितलं नव्हतं, मांडवात अपशकुन नको म्हणून. जेवणं झाल्यावर मावशी पाचसहा जणींना घेऊन आमच्याकडं आल्या.

"अगबाई विहीणबाई, केवढ्या बारीक झालात! संक्रांतीला बघितलं त्याच का तुम्ही? केलंत तरी काय?"

शालन हसली. थकलेली होती, तरी गालात हसली. "मी काही नाही केलं. आमच्या आक्कांनी उतरवून दिलं. त्यांच्याकडं कात्रण आहे, नऊ सवयींचं."

"मग आम्हालाही सांगा ना हो!" मावशींनी लग्नपत्रिका उलटी केली, कुणाकडून तरी पेन घेतलं. "हं, सांगा. एक?"

मी शालनकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत होती, बोला की, अशी. तिच्या लेकीचा मांडव होता. मी बोलायला लागले. रात्री उशिरा जेवायचं नाही. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. गोड चहा सारखा प्यायचा नाही. मावशी लिहीत होत्या, बाकीच्या माना डोलावत होत्या. साबुदाणा, ताटातलं उरलेलं, घाई, जागरण. आठवी सांगितली आणि मी थांबले.

"आणि नववी?" मावशींनी विचारलं.

"चोरून खायचं नाही," शालन म्हणाली. "आमच्या आक्का म्हणतात, तीच सगळ्यात महत्त्वाची."

बायका खदखदून हसल्या. मावशींनी तेही लिहून घेतलं. पलीकडच्या पंगतीत आमचे हे आग्रहानं जिलेबी वाढत होते. शालन अजून माझ्याकडंच बघत होती. तिला राग नव्हता, ती वाट बघत होती. मी एवढं तरी म्हणावं, की नाही, हिनं करंज्या नव्हत्या खाल्ल्या. पाचच शब्दांचं काम होतं, आणि साक्षीला बायकाही होत्या.

"हो," मी म्हटलं. "तीच महत्त्वाची."

शालन नागपंचमीच्या आदल्या दिवशी गेली. तिला मी माझ्या हातानं हिरवी साडी नेसवली, ओटी भरली. ब्लाउज पुन्हा दंडाला ढगळ झाला होता, मी आतून दोन टाके घातले.

याला आता सोळा वर्षं झाली. आमचे हेही गेले. वही माझ्याकडं आहे, कात्रण शालन गेली त्याच दिवशी फाडलं. दुकानात बायका अजून पोट कसं उतरवायचं ते विचारतात, आणि मी सांगते की मला त्यातलं काही कळत नाही. करंज्यांचं तिला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.